ग्रीनलंडमधील राजकीय पक्ष

ग्रीनलंडमधील राजकीय पक्ष : डेन्मार्कच्या राज्यात समाविष्ट असलेल्या, परंतु अंतर्गत कारभारात स्वशासित असलेल्या ग्रीनलंड या आर्क्टिक प्रदेशातील पक्षपद्धती सु. पन्नास वर्षांची, म्हणजे पुष्कळच अलीकडची आहे. तेथील आजचे सर्व प्रमुख पक्ष १९७५ नंतर उदयास आले. त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : डेन्मार्कशी असलेले नाते किती राखावयाचे, किती सोडावयाचे आणि सोडावयाचे तर कोणत्या गतीने. यूरोपीय पक्षांना लावण्यात येणारी डावे-उजवे ही मोजमापे येथेही वापरली जातात. तथापि ती एकटी पुरत नाहीत. अर्थकारणात उजवीकडे झुकणारा एखादा पक्ष स्वातंत्र्याच्या बाबतीत सावध असतो, तर दुसरा उतावीळ. आणि डावा म्हणविणारा पक्ष सत्तेवर येताच अनुदानाचा हिशेब पाहून पावले टाकू लागतो, असे येथे वारंवार घडले आहे.

ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सु. २१,६६,००० चौ. किमी., म्हणजे भारताच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आहे. लोकसंख्या मात्र सु. ५७,००० असून तीत इन्युइट (जुन्या ग्रंथांतील एस्किमो) लोकांचे फार मोठे आधिक्य आहे. सु. चार-पंचमांश भूमी हिमस्तराखाली असल्याने सर्व वस्ती किनाऱ्यालगत विखुरलेली आहे. एका शहराहून दुसऱ्या शहरास जाणारे रस्ते नाहीत. दळणवळण बोट, विमान वा हेलिकॉप्टर यांनीच होते. लोकसंख्येचा सु. एक-तृतीयांश भाग राजधानी नूक (डॅनिश नाव गॉटहॉब) येथे एकवटला असून उरलेले लोक लहान शहरांत व काही डझन खेड्यांत राहतात. मतदारांची एकूण संख्या सु. ४०,००० आहे. इतक्या लहान समाजात उमेदवार व मतदार बहुधा परस्परांना व्यक्तिशः ओळखतात. नातेसंबंध, गाव आणि शिकारी वा कोळी म्हणून मिळविलेला लौकिक यांचे वजन जाहीरनाम्याहून कमी नसते. पक्षफुटी आणि पक्षांतरे येथे सहज होतात याचे एक कारण हेच आहे.

विधिमंडळास इनात्सिसार्तुत (‘कायदे करणारे’) म्हणतात. त्याचे ३१ सदस्य प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने चार वर्षांकरिता निवडले जातात. पूर्वी प्रदेशाचे अनेक मतदारसंघ होते; आता संपूर्ण ग्रीनलंड हा एकच मतदारसंघ आहे. मतदारास पक्षाला किंवा पक्षाच्या यादीतील विशिष्ट उमेदवाराला मत देता येते. त्यामुळे पक्षनेत्याला स्वतःच्या नावावर किती मते पडली, याची चर्चा पक्षाच्या जागांइतकीच होते. मंत्रिमंडळास नालाकेर्सुइसुत अशी संज्ञा आहे.

पूर्वपीठिका : हान्स एगेड हा धर्मोपदेशक १७२१ मध्ये ग्रीनलंडमध्ये आला, तेव्हापासून डॅनिश वसाहतीचा काळ सुरू होतो. व्यापाराची मक्तेदारी सरकारकडे होती आणि प्रदेश परकीयांस जवळजवळ बंद होता. स्थानिक लोकांना कारभारात थोडेबहुत स्थान प्रथम १८६० च्या सुमारास मिळाले. हिन्रिक रिंक या डॅनिश अधिकाऱ्याच्या पुढाकाराने प्रत्येक जिल्ह्यात गरिबांना मदत, किरकोळ तंटे इ. बाबी पाहणारी मंडळे स्थापन झाली. रिंकच्याच प्रयत्नाने १८६१ मध्ये ग्रीनलंडी भाषेतील आतुआगाग्दलिउतित हे वृत्तपत्र निघाले. लोकमत नावाची गोष्ट या प्रदेशात त्याच्या स्तंभांतून आकारास आली, असे म्हणण्यास हरकत नाही. १९११ मध्ये उत्तर व दक्षिण भागांसाठी दोन प्रांतिक परिषदा नेमण्यात आल्या. १९५० मध्ये त्या एकत्र केल्या गेल्या. या परिषदा सल्लागार स्वरूपाच्या होत्या. सदस्य व्यक्ती म्हणून निवडले जात. पक्ष नव्हते आणि त्यांची उणीवही कोणाला भासली नाही. स्त्रियांना मताधिकार १९४८ मध्ये मिळाला.

डेन्मार्कची १९५३ ची राज्यघटना अंमलात आल्यावर ग्रीनलंडचा वसाहतीचा दर्जा संपला व तो डेन्मार्कचा एक जिल्हा बनला. डॅनिश संसदेत (फोल्कटिंग) त्याला दोन जागा मिळाल्या. हा बदल प्रांतिक परिषदेच्या संमतीने झाला. ग्रीनलंडमध्ये सार्वमत घेण्यात आले नाही. १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या प्रदेशाचे नाव अस्वशासित प्रदेशांच्या यादीतून काढून टाकले. कायद्याने समानता मिळाली, पण तिच्यामागोमाग जी आधुनिकीकरणाची लाट आली, तिनेच पक्षांना जन्म दिला. घरे, रुग्णालये, शाळा व मासे प्रक्रियेचे कारखाने झपाट्याने उभे राहिले, क्षयरोग हटला. परंतु योजना कोपनहेगनमध्ये आखल्या जात आणि बांधकामाला कारागीरही डेन्मार्कमधूनच येत. लहान वस्त्या बंद करून लोकांना दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावरील शहरांतील बहुमजली चाळवजा इमारतींत हलविण्याचे धोरण १९६० नंतर सुरू झाले. १९६४ पासून नोकरवर्गाचे वेतन जन्मस्थानावरून ठरविण्यात येऊ लागले. एकाच शाळेत तेच काम करणाऱ्या दोन शिक्षकांपैकी ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्याला कमी पगार मिळे. डिस्को बेटावरील कुलिसात ही कोळशाच्या खाणीची भरभराटीची वस्ती १९७२ मध्ये बंद करण्यात आली आणि तेथील रहिवाशांची पांगापांग झाली. उत्तरेस थूले येथे अमेरिकेचा हवाई तळ विस्तारण्यासाठी तेथील शिकारी कुटुंबांना १९५३ मध्येच अल्पावधीत घरे सोडावी लागली होती.

वेतनातील भेदभावाविरुद्ध इनुइट नावाचा पहिला पक्ष १९६० नंतरच्या दशकात स्थापन झाला, पण तो फार काळ टिकला नाही. त्याच दशकाच्या अखेरीस निघालेल्या सुकाक या पक्षाचीही तीच गत झाली. खरा उठाव पुढच्या पिढीने केला. ही पिढी डेन्मार्कमध्ये शिक्षणासाठी गेली होती आणि तिथल्या विद्यार्थी चळवळी, वसाहतमुक्तीचे वाङ्‌मय व नवे संगीत यांचे संस्कार घेऊन परतली. सुमे या वाद्यवृंदाची १९७३ ची ध्वनिमुद्रिका ही ग्रीनलंडी भाषेतील रॉक संगीताची पहिली कृती होय. तिचे सुमुत (‘कोठे’) हे शीर्षकच त्या वेळच्या मनःस्थितीचे द्योतक आहे. याच वृंदातील पेर बेर्थेल्सन पुढे राजकारणात आला व एका पक्षाचा संस्थापक झाला.

यूरोपीय समुदायाचा प्रश्न व पक्षस्थापना : असंतोषाला राजकीय रूप देणारी घटना २ ऑक्टोबर १९७२ ची होय. यूरोपीय आर्थिक समुदायात जावे की नाही, यावर डेन्मार्कभर सार्वमत घेण्यात आले. एकूण मतदारांनी होकार दिला. ग्रीनलंडमध्ये मात्र सु. ७० टक्के मते विरोधात पडली. आपल्या किनाऱ्यावरील मासेमारी ब्रुसेल्सच्या हाती जाईल, ही भीती त्यामागे होती. तथापि डेन्मार्कचा एक जिल्हा म्हणून ग्रीनलंडला १ जानेवारी १९७३ रोजी समुदायात जावे लागले. फेअरो बेटांना १९४८ पासून होमरूल असल्याने ती बाहेर राहू शकली. एकाच राजाच्या छत्राखालील दोन प्रदेशांच्या नशिबात पडलेला हा फरक ग्रीनलंडमधील तरुण पुढाऱ्यांच्या डोळ्यांत भरला. होमरूल ही तोवर दूरची वाटणारी कल्पना त्यामुळे तातडीची मागणी बनली.

या पुढाऱ्यांत तिघे अग्रभागी होते : धर्मोपदेशक योनाथान मोट्सफेल्ट, शिक्षक लार्स-एमिल योहान्सेन आणि १९७१ मध्ये फोल्कटिंगवर निवडून गेलेला मोसेस ओल्सेन. १९७१ च्या डॅनिश निवडणुकीत दोन्ही बाजूंचे बळ इतके समसमान पडले की, सरकार कोणाचे यावे हे ठरविण्यात ओल्सेनच्या एका मताला महत्त्व आले. दूरच्या किनाऱ्यावरील काही हजार मतदारांचा प्रतिनिधी कोपनहेगनमध्ये वजन टाकू शकतो, हा धडा ग्रीनलंडच्या राजकारण्यांनी नंतर कधी विसरला नाही. १९७५ च्या सुमारास या तिघांभोवती सियूमुत (‘पुढे’) ही चळवळ उभी राहिली व १९७७ मध्ये तिचे पक्षात रूपांतर झाले. सियूमुत सामाजिक लोकशाहीवादी असला, तरी त्याचा पाया कोळी, शिकारी आणि लहान शहरांतील कामगार यांच्यात होता. डॅनिश समाजवादी लोकशाही पक्षाशी त्याचे सख्य जमले.

प्रत्युत्तरादाखल १९७८ मध्ये आतासुत (‘दुवा’) हा पक्ष स्थापन झाला. प्रांतिक परिषदेचा अध्यक्ष लार्स केम्नित्स आणि ऑटो स्टीनहोल्ट हे त्याचे आरंभीचे प्रमुख पुढारी. आतासुतचाही होमरूलला पाठिंबा होता. परंतु डेन्मार्कशी असलेले ऐक्य व यूरोपीय समुदायाचे सदस्यत्व या दोन्ही गोष्टी टिकाव्यात, असे त्याचे म्हणणे होते. खाजगी उद्योगाला अनुकूल असलेला हा पक्ष डेन्मार्कमधील व्हेन्स्ट्र या उदारमतवादी पक्षाच्या निकट राहिला. तिसरा पक्ष इनुइट अताकातिगीत (‘माणसांचे एकत्व’). हा कोपनहेगनमधील ग्रीनलंडी विद्यार्थ्यांच्या वर्तुळातून १९७६ मध्ये संघटना म्हणून निघाला व लवकरच पक्ष बनला. आक्कालुक लिंगे हा त्याच्या संस्थापकांपैकी एक. मार्क्सवादी परिभाषा, पूर्ण स्वातंत्र्य, अमेरिकन तळांना विरोध आणि अलास्का-कॅनडापर्यंत पसरलेल्या इन्युइटांच्या एकजुटीचे आवाहन ही त्याची सुरुवातीची वैशिष्ट्ये होती.

होमरूलची आखणी १९७५ मध्ये नेमलेल्या आयोगाने केली. त्यात सात डॅनिश व सात ग्रीनलंडी सदस्य होते आणि प्राध्यापक ईसी फॉइगेल हा अध्यक्ष होता. आयोगाच्या चर्चेत एकच मुद्दा खऱ्या अर्थाने पेटला, तो भूगर्भाच्या मालकीचा. पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रात तेलाचा शोध सुरू होता. भूगर्भ ग्रीनलंडच्या जनतेचा आहे, अशी सियूमुतची मागणी होती. तर तो संपूर्ण राज्याचा आहे, अशी डॅनिश पंतप्रधान आंकर यर्गेन्सेन याची भूमिका होती. अखेर कायद्यात ‘मूलभूत हक्क’ असा मोघम शब्दप्रयोग झाला व निर्णयासाठी दोन्ही पक्षांस नकाराधिकार असलेली संयुक्त यंत्रणा ठेवण्यात आली. मालकी हा शब्द नाही म्हणून इनुइट अताकातिगीतने होमरूलच्याच विरोधात प्रचार केला. त्या पाच विहिरींत तेल मिळाले नाही. तथापि त्यांवरून झालेला वाद आजही संपलेला नाही.

१७ जानेवारी १९७९ च्या सार्वमतात सु. ७० टक्के मतदारांनी होमरूलला मान्यता दिली व १ मे १९७९ पासून ते अंमलात आले. एप्रिलमधील पहिल्या निवडणुकीत २१ जागांपैकी सियूमुतला १३ व आतासुतला ८ मिळाल्या. इनुइट अताकातिगीत व सुलिसार्तुत या कामगार पक्षाला एकही जागा मिळाली नाही. मोट्सफेल्ट पहिला पंतप्रधान झाला (१९७९–९१). परराष्ट्रव्यवहार, संरक्षण, चलन व न्याय ही खाती कोपनहेगनकडेच राहिली. शिक्षण, समाजकल्याण, मच्छीमारी, व्यापार इ. खाती टप्प्याटप्प्याने नूककडे आली.

नव्या सरकारपुढील पहिले मोठे काम समुदायातून बाहेर पडण्याचे होते. २३ फेब्रुवारी १९८२ च्या सार्वमतात सु. ५३ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूची होती. विजय सियूमुत व इनुइट अताकातिगीत यांचा होता. पण दोन्ही बाजूंतील अंतर दीड हजार मतांहूनही कमी होते आणि १९७२ चा ७० टक्क्यांचा आवेश मागे पडलेला दिसत होता. वाटाघाटी तीन वर्षे चालल्या. १ फेब्रुवारी १९८५ रोजी ग्रीनलंड समुदायाबाहेर पडला. सागरपार प्रदेशाचा दर्जा घेतल्याने त्याच्या मासळीला यूरोपची बाजारपेठ खुली राहिली आणि समुदायाच्या बोटींना मासेमारीची परवानगी देण्याबद्दल मोबदलाही मिळू लागला. सदस्य-राज्याचा एक भाग मतदानाने समुदाय सोडतो, असे प्रथमच घडत होते.

संयुक्त मंत्रिमंडळांचा काळ : १९८३ च्या निवडणुकीत सियूमुत व आतासुत यांना प्रत्येकी १२ आणि इनुइट अताकातिगीतला २ जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी पुन्हा निवडणूक होऊन ११–११–३ असे बलाबल झाले. येथून पुढे कोणाही एका पक्षाला बहुमत मिळालेले नाही, आणि सरकार म्हणजे संयुक्त सरकार हा नियमच होऊन बसला. पंतप्रधानपद २००९ पर्यंत अखंड सियूमुतकडे राहिले (मोट्सफेल्टनंतर १९९१–९७ योहान्सेन, १९९७–२००२ पुन्हा मोट्सफेल्ट, २००२–०९ हान्स एनोक्सेन). जोडीदार तेवढा कधी इनुइट अताकातिगीत, तर कधी आतासुत असे. तीस वर्षे एकच पक्ष सत्तेत राहिल्याने सरकारी कंपन्या, नेमणुका व पक्ष यांच्या सीमारेषा पुसट झाल्या, ही तक्रार विरोधकांची होती आणि ती निराधार नव्हती.

लष्करी तळांचा प्रश्न या सरकारांना अधूनमधून हादरे देत राहिला. १९८७ मध्ये थूले येथील रडारच्या नूतनीकरणावरून सियूमुत व इनुइट अताकातिगीत यांच्यात बेबनाव होऊन मुदतपूर्व निवडणूक झाली. परंतु २००४ मध्ये याच रडारसंबंधी अमेरिका, डेन्मार्क व ग्रीनलंड यांच्यात इगालिकू येथे करार झाला, तेव्हा ग्रीनलंडच्या वतीने स्वाक्षरी इनुइट अताकातिगीतचा नेता योसेफ मोट्सफेल्ट याने केली. तळ हटवा म्हणणाऱ्या पक्षाने तळाच्या करारावर ग्रीनलंडचे नाव असावे, याला अधिक महत्त्व दिले. यास तत्त्वच्युती म्हणावे की प्रगल्भता, याविषयी मतभेद असू शकतील. मात्र आपल्याविषयी निर्णय होताना आपण तेथे असलो पाहिजे, ही त्यानंतर सर्वच पक्षांची भूमिका बनली आहे.

सगळीच मंत्रिमंडळे अशा भारदस्त कारणांनी कोसळली असे नाही. जानेवारी २००३ मध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सरकारी कार्यालयांतील दुष्ट शक्ती घालविण्यासाठी मांत्रिक उपचार करणाऱ्या बाईस पाचारण केल्याचे उघडकीस आले आणि काही आठवड्यांपूर्वीच बनलेले संयुक्त सरकार त्या गदारोळात मोडले.

लहान पक्षांत इसित्तुप पार्तिया (ध्रुवीय पक्ष, १९८७) हा मच्छीमार व्यावसायिकांचा, तर आकुलीत पार्तियात हा मध्यममार्गी पक्ष होता; दोन्ही काही वर्षांत विरून गेले. पेर बेर्थेल्सन याने सियूमुतमधून बाहेर पडून २००२ मध्ये स्थापन केलेला देमोक्रातित (लोकशाहीवादी) हा पक्ष मात्र टिकला. स्वातंत्र्याच्या घोषणांपेक्षा शाळा, घरबांधणी व खाजगी उद्योग यांकडे आधी पाहावे, असा त्याचा आग्रह होता. नूकमधील सुशिक्षित वर्गाला व डॅनिश भाषिकांना तो जवळचा वाटला.

अनुदान व स्वशासन : डेन्मार्ककडून मिळणारे वार्षिक अनुदान हा या राजकारणाचा खरा अक्ष आहे. २००९ च्या स्वशासन कायद्याने ते सु. ३४४ कोटी डॅनिश क्रोनर ठरविले असून किंमतवाढीच्या प्रमाणात त्यात वाढ होते. सरकारी खर्चाचा सु. निम्मा भार ते उचलते. निर्यातीत नऊ-दशांशांहून अधिक वाटा मासळीचा, विशेषतः कोळंबी व हॅलिबट यांचा आहे. म्हणून स्वातंत्र्याची चर्चा नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबते : अनुदानाऐवजी काय ? खाणी असे एका बाजूचे उत्तर आहे, मच्छीमारी व पर्यटन असे दुसरीचे. दूरच्या खेड्यांत वीज, पाणी, दुकान आणि दवाखाना चालविण्याचा खर्च सोसून ती राखावयाची, की लोकांना शहरांत येऊ द्यावयाचे, हा प्रश्नही त्याच्याशी निगडित आहे. एनोक्सेन खेड्यापाड्यांचा कैवारी म्हणून लोकप्रिय होता. देमोक्रातित पक्षावर खेडी ओस पाडण्याचा आरोप होत असे.

२५ नोव्हेंबर २००८ च्या सार्वमतात ७५ टक्क्यांहून अधिक मते स्वशासनाला मिळाली व २१ जून २००९ रोजी ते सुरू झाले. त्यायोगे ग्रीनलंडच्या जनतेला आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार स्वतंत्र जनसमूह म्हणून मान्यता मिळाली. ग्रीनलंडी ही एकमेव अधिकृत भाषा ठरली. भूगर्भाचा ताबा नूककडे आला. खनिज उत्पन्नातील पहिले साडेसात कोटी क्रोनर ग्रीनलंडने ठेवावयाचे आणि त्यापुढील उत्पन्नाच्या निम्म्याइतके अनुदान कमी व्हावयाचे, अशी तरतूद आहे. १९७० नंतरच्या दशकातील मागणी अशा रीतीने पूर्ण झाली. मात्र खाण जितकी यशस्वी, तितके अनुदान कमी, हे गणितही तिच्याबरोबरच आले.

स्वशासनाचा पाया घालणाऱ्या सियूमुतला त्याचे फळ चाखता आले नाही. जून २००९ च्या निवडणुकीत इनुइट अताकातिगीतने १४ जागा जिंकल्या व कूपिक क्लाइस्ट हा सियूमुतेतर पक्षाचा पहिला पंतप्रधान झाला. २०१३ मध्ये सियूमुतने तितक्याच जागा मिळवून सत्ता परत घेतली आणि आलेका हॅमंड ही पहिली स्त्री पंतप्रधान झाली. तिच्या कारकीर्दीत युरेनियमच्या उत्खननावरील जुनी बंदी १५ विरुद्ध १४ मतांनी उठविण्यात आली. दक्षिणेकडील नार्साक या शहराजवळ क्वानेफेल्ट (ग्रीनलंडी कुआनेर्सुइत) डोंगरात दुर्मिळ मृदा धातू व युरेनियम एकत्र सापडतात. एक काढावयाचे तर दुसरे येतेच. खाण झाल्यास अनुदानावाचून जगता येईल असे सियूमुतचे पुढारी म्हणत; मेंढ्या, मासे व पिण्याचे पाणी यांचे काय, असे नार्साकचे रहिवासी विचारीत. शहरातील घरांची वस्ती डोंगराच्या पायथ्याशीच असल्याने हा प्रश्न त्यांना पुस्तकी वाटत नव्हता.

सार्वजनिक निधीच्या खाजगी वापरावरून हॅमंडला २०१४ मध्ये पद सोडावे लागले. त्यानंतरच्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांना ११–११ जागा मिळाल्या आणि एकूण मतांत सु. सव्वातीनशेचाच फरक पडला. सियूमुतचा किम किएल्सेन पंतप्रधान झाला. याच वर्षी एनोक्सेनने सियूमुत सोडून नालेराक (दिशा दाखविणारी खूण) हा पक्ष काढला. स्वातंत्र्याची वाटचाल लवकर सुरू व्हावी व मच्छीमारीची धोरणे किनाऱ्यावरील लहान कोळ्यांच्या हिताची असावीत, असे त्याचे कार्यक्रम आहेत. २०१८ मध्ये विमानतळांच्या बांधणीत डॅनिश सरकारने भांडवल घातले, तेव्हा नालेराक त्या निषेधार्थ मंत्रिमंडळातून बाहेर पडला.

६ एप्रिल २०२१ च्या निवडणुकीत क्वानेफेल्टचा प्रश्न निर्णायक ठरला. खाणीला विरोध करणाऱ्या इनुइट अताकातिगीतला १२ जागा मिळाल्या व मूते एगेड पंतप्रधान झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस युरेनियमच्या उत्खननावर पुन्हा कायद्याने बंदी आली. त्याने प्रथम नालेराकशी व २०२२ पासून सियूमुतशी युती केली. १९६० व १९७० नंतरच्या दशकांत हजारो ग्रीनलंडी स्त्रिया व मुलींना, अनेकींना त्यांच्या संमतीशिवाय, गर्भनिरोधक साधने बसविण्यात आली होती. ही माहिती २०२२ मध्ये प्रकाशात आल्यावर डेन्मार्कविषयीचा रोष सर्वच पक्षांत वाढला. डॅनिश सरकारने २०२५ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली.

११ मार्च २०२५ ची निवडणूक जगाच्या नजरेखाली झाली. अमेरिकेचे अध्यक्ष डॉनल्ड ट्रंप यांनी २०१९ मध्ये ग्रीनलंड विकत घेण्याची कल्पना मांडली होती. २०२५ च्या आरंभी त्यांनी तिचा अधिक आग्रहाने पुनरुच्चार केला. निवडणुकीपूर्वी विधिमंडळाने पक्षांना परकीय देणग्या घेण्यास बंदी करणारा कायदा केला. काही शेकडा मतांनी सत्ता फिरणाऱ्या प्रदेशात ही खबरदारी अनाठायी म्हणता येणार नाही. अमेरिकेत सामील व्हावे, असे एकाही प्रमुख पक्षाने म्हटले नाही. परंतु निकाल बाहेरच्यांच्या अपेक्षेहून वेगळा लागला. देमोक्रातित १०, नालेराक ८, इनुइट अताकातिगीत ७, सियूमुत ४ व आतासुत २ अशा जागा मिळाल्या. २०२१ मध्ये अवघ्या ३ जागा असलेला देमोक्रातित प्रथमच पहिल्या क्रमांकावर आला. प्रचारात परदेशी वार्ताहर ट्रंप यांच्याविषयी विचारीत, तर मतदार आरोग्यसेवा, घरे व मासेमारीच्या नव्या कायद्याविषयी. स्वातंत्र्य हवे पण घाईने नको, असे म्हणणारा पक्ष पहिला आणि वाटाघाटी ताबडतोब सुरू करा, असे म्हणणारा नालेराक दुसरा, असा कौल मिळाला. देमोक्रातितचा तरुण नेता येन्स-फ्रेडरिक नील्सन याने नालेराक वगळून इतर चारही पक्षांचे, ३१ पैकी २३ सदस्यांचा पाठिंबा असलेले मंत्रिमंडळ बनविले. पेले ब्रॉबर्ग याच्या नेतृत्वाखालील नालेराक हा त्या वेळी एकटाच विरोधी पक्ष उरला. डेन्मार्कशी जोडलेले राहण्याची उघड बाजू घेणारा आतासुत, एके काळी सियूमुतच्या बरोबरीचा असलेला हा पक्ष, दोन जागांवर येऊन ठेपला आहे.

स्वशासन कायद्याच्या २१ व्या कलमानुसार स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलंडच्या जनतेने घ्यावयाचा आहे. तो घेतला की दोन्ही सरकारांत वाटाघाटी, होणाऱ्या कराराला इनात्सिसार्तुतची मान्यता, ग्रीनलंडमध्ये सार्वमत आणि शेवटी फोल्कटिंगची संमती असे टप्पे आहेत. पक्षांतील मतभेद आता मुख्यतः हे कलम केव्हा वापरावयाचे याविषयी आहेत. स्वतंत्र ग्रीनलंडच्या राज्यघटनेचा मसुदा यासाठी नेमलेल्या आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये सादर केला.

फोल्कटिंगमधील दोन जागा १९५३ पासून कायम आहेत. इनुइट अताकातिगीत व सियूमुत यांना २०२२ च्या निवडणुकीत त्यांपैकी एकेक जागा मिळाली. सियूमुतच्या प्रतिनिधीने मे २०२३ मध्ये तेथे डॅनिशऐवजी ग्रीनलंडी भाषेत भाषण केले, तेव्हा सभागृहातील बहुतेकांना ते समजले नाही. याच प्रतिनिधीने २०२५ मध्ये नालेराक पक्षात प्रवेश केला.